चाळणी म्हणजे निदान नव्हे : गर्भावस्थेतील गुणसूत्र-तपासणीचा अहवाल कसा समजून घ्यावा?

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माहिती-शिबिर आटोपल्यावर एक प्राथमिक शिक्षक मागे थांबले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि, "साहेब, यात काय लिहिले आहे ते जरा मराठीत सांगता का?" असे विचारले. त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या पत्नीच्या रक्ततपासणीचा तो अहवाल होता. त्यावर ठळक अक्षरांत 'हाय रिस्क' हे शब्द आणि त्यांच्यापुढे '१ : १८०' हा आकडा छापलेला होता. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या दोन शब्दांवरून 'मूल मतिमंद निपजणार' असा अर्थ काढला होता. गर्भ पाडून टाकावा असे जवळजवळ ठरलेही होते. आणि जिच्या पोटी ते मूल वाढत होते, ती तीन दिवस धड जेवलीही नव्हती.

मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नव्हे. तो कागद मलाही पुरता उलगडला नाही. या विषयातील जाणत्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही ठरवू नका, एवढेच मी गुरुजींना सांगू शकलो. त्यानंतर तज्ज्ञांना विचारून जे समजून घेतले, ते प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. कारण असे कागद आता केवळ मोठ्या शहरांत राहिलेले नाहीत. तालुक्याच्या गावी रक्त घेतले जाते, दूरच्या प्रयोगशाळेत ते तपासले जाते आणि निकाल मोबाइलवर येतो. निकाल घरी पोहोचतो; त्याचा अर्थ मात्र पोहोचत नाही. अशा वेळी घरचे लोक ज्यांच्याकडे धाव घेतात ते शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि अधिकारी यांना हा अर्थ ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गुणसूत्रांची गणती

मनुष्याच्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजेच क्रोमोसोम, असतात. त्यांच्या २३ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून येते. ही संख्या ४६ आहे हे १९५६ साली निश्चित झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, फ्रान्समधील संशोधकांनी असे दाखवून दिले की, इंग्लंडमधील डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली ज्या अवस्थेचे वर्णन केले होते, तिच्यात २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. हीच 'डाऊन सिंड्रोम' या नावाने ओळखली जाणारी अवस्था होय. साधारणतः सातशे ते आठशे जन्मांमागे एक बालक या अवस्थेसह जन्माला येते. १८ व्या किंवा १३ व्या क्रमांकाचे गुणसूत्र जादा असणे ही याहून विरळ, परंतु कितीतरी अधिक गंभीर अवस्था आहे. तिच्यासह जन्मलेली बहुसंख्य बालके पहिल्या वर्षातच दगावतात.

जादा गुणसूत्र येते कोठून? बीजपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांपासून विलग व्हावयास हवीत. ती कधी कधी विलग होत नाहीत. डाऊन सिंड्रोमची सुमारे ९५ टक्के उदाहरणे अशा रीतीने घडतात. हा निसर्गातील अपघात आहे. ग्रहणात भाजी चिरल्याने, काही खाल्ल्याने, जड काम केल्याने अथवा कोणाच्या पापाने तो घडत नाही. त्याबद्दल सुनेला दोष देणे हे जितके निर्दयपणाचे, तितकेच अज्ञानाचे आहे.

आईच्या वयानुसार ही शक्यता वाढते, हे मात्र खरे. विशीत ती सुमारे १,५०० त एक असते. पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० त एक आणि चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० त एक होते. तथापि बहुसंख्य बाळंतपणे तरुण वयातच होत असल्याने, डाऊन सिंड्रोम असलेली अनेक बालके तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. म्हणूनच केवळ वयावर विसंबून न राहता सर्व गर्भवतींसाठी चाळणी-तपासणीची पद्धत पुढे आली.

चाळणे आणि निवडणे

आपल्या घरांत गहू आधी चाळतात आणि मग निवडतात. चाळताना बारीक खडे खाली पडतात; पण त्यांच्याबरोबर काही बारीक दाणेही पडतात. उलट दाण्याएवढाच एखादा खडा वर गव्हातच राहून जातो. खाली पडले ते सारे खडेच, असे समजून कोणतीही गृहिणी ते उकिरड्यावर टाकीत नाही. ती ते ताटात घेते आणि एकेक दाणा पाहून निवडते.

गर्भावस्थेतील तपासण्यांचेही असेच दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग चाळणी-तपासण्यांचा. त्यांत आईच्या हाताचे रक्त घेतात व सोनोग्राफी करतात. गर्भाला कोणताही धोका पोहोचत नाही. दुसरा वर्ग निदान-तपासण्यांचा. त्यांत गर्भाच्या किंवा वारेच्या पेशी मिळवून गुणसूत्रे प्रत्यक्ष तपासली जातात. पहिल्या वर्गातील तपासणी 'शक्यता किती' एवढेच सांगते. 'आहे की नाही' हे दुसऱ्या वर्गातील तपासणीच सांगू शकते. या दोहोंतील फरक ध्यानात न घेतल्यामुळेच पुढचे सारे अनर्थ ओढवतात.

चाळणी-तपासण्यांपैकी पहिली तपासणी गर्भ ११ ते १३ आठवडे व ६ दिवस एवढ्या वयाचा असताना होते. सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील त्वचेखालचा द्रव किती जाडीचा आहे हे मोजतात, हीच 'एन. टी.' होय. त्याच सुमारास आईच्या रक्तातील दोन घटकांचे प्रमाण पाहतात. या रक्ततपासणीला 'डबल मार्कर' म्हणतात. ही वेळ टळल्यास १५ व्या ते २० व्या आठवड्यांच्या दरम्यान चार घटकांची 'क्वाड्रपल मार्कर' तपासणी करता येते. या सर्व आकड्यांत आईचे वय मिळवून संगणक एक गुणोत्तर काढतो. अहवालावर छापलेला आकडा तो हाच.

आकड्याचा अर्थ

'१ : १८०' याचा अर्थ असा की, अशाच प्रकारचा अहवाल आलेल्या १८० गर्भवती एकत्र केल्या, तर त्यांपैकी एकीच्या गर्भात डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आहे आणि १७९ जणींच्या गर्भात तो नसणार. शेकडेवारीने सांगावयाचे तर ही शक्यता शेकडा एकाहूनही कमी आहे. मग त्याला 'हाय रिस्क' का म्हणावयाचे? कारण प्रयोगशाळेने आधीच एक सीमारेषा ठरविलेली असते. ती पुष्कळ ठिकाणी '१ : २५०' अशी धरतात. तिच्याहून अधिक शक्यता निघाली की अहवाल एका बाजूला, कमी निघाली की दुसऱ्या बाजूला टाकला जातो. 'हाय रिस्क' याचा अर्थ 'पुढील तपासणीचा विचार करावा', एवढाच आहे. बाळ सदोष आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

ही गोष्ट हिशेबाने अधिक स्पष्ट होईल. सोयीसाठी १०,००० गर्भवती धरू आणि त्यांपैकी २० जणींच्या गर्भात डाऊन सिंड्रोम आहे असे मानू. पहिल्या तिमाहीतील संयुक्त तपासणी साधारणपणे ८५ टक्के गर्भ हेरते. म्हणजे २० पैकी १७ सापडतील आणि ३ निसटतील. दुसरीकडे, ज्यांच्या गर्भात ही अवस्था नाही अशा ९,९८० जणींपैकी सुमारे ५ टक्के, म्हणजे ४९९ जणींनाही 'हाय रिस्क' असा अहवाल मिळेल. एकूण अहवाल ५१६ आणि त्यांपैकी खरे १७. म्हणजेच तो शब्द हाती पडलेल्या तीस स्त्रियांमागे एकीच्या बाबतीतच भीती खरी ठरेल. उरलेल्या एकोणतीस जणींपैकी कोणी केवळ त्या कागदाच्या आधारे गर्भपात करून घेतला, तर तिने डाऊन सिंड्रोम नसलेला गर्भ गमावलेला असेल, आणि हे तिला कदाचित कधी कळणारही नाही.

याची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. वरील हिशेबात तीन जणींना 'लो रिस्क' असा अहवाल मिळाला होता. '१ : २,०००' म्हणजे शक्यता थोडी, ती शून्य नव्हे. त्याचप्रमाणे ही तपासणी सगळ्या दोषांची नसते. विदर्भात व आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजार किंवा थॅलेसेमिया या तपासणीतून कळत नाही. त्यांसाठी आईवडिलांच्या रक्ताची स्वतंत्र तपासणी करावी लागते. हृदय, मणका, मूत्रपिंडे यांच्या रचनेतील दोष पाहण्यासाठी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास सविस्तर सोनोग्राफी करावी लागते. 'लो रिस्क' आल्यामुळे ती टाळावी असे कोणी सांगत असेल, तर ते योग्य नव्हे.

आकडा चुकतो कोठे?

संगणक जो हिशेब करतो, तो अर्जावर लिहिलेल्या माहितीवर. अर्जच चुकला तर आकडा चुकणार. सर्वांत मोठी चूक होते ती गर्भाच्या वयाची. रक्तातील हे घटक आठवड्यागणिक बदलतात. उदाहरणार्थ, क्वाड्रपल तपासणीतील एक प्रथिन गर्भाच्या वयाबरोबर वाढत जाते आणि डाऊन सिंड्रोममध्ये ते अपेक्षेपेक्षा कमी आढळते. आता गर्भ प्रत्यक्षात १५ आठवड्यांचा असताना अर्जावर १७ आठवडे लिहिले गेले, तर निरोगी गर्भाचेही प्रमाण कमी भासेल आणि अकारण 'हाय रिस्क' निघेल.

आपल्याकडे पाळीची तारीख लिहून ठेवण्याची सवय अनेक घरांत नाही. "नागपंचमीच्या आधी चार दिवस", "पोळा झाल्यावर" अशा खुणांनी ती लक्षात ठेवली जाते. या खुणा निरुपयोगी नाहीत. आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविका पंचांग समोर ठेवून त्यांवरून तारीख काढू शकते. पण अधिक भरवशाचा उपाय म्हणजे पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी. तिच्यात गर्भाची लांबी मोजून वय ठरविता येते. म्हणून रक्त देण्यास जाताना पहिल्या सोनोग्राफीचा अहवाल व माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. आईचे खरे वय, वजन, मधुमेह आहे किंवा कसे, जुळे आहे काय, या गोष्टीही अर्जावर बिनचूक असाव्यात. अहवाल 'हाय रिस्क' आल्यास सर्वप्रथम या नोंदी पडताळून पाहाव्यात.

नवी रक्ततपासणी

१९९७ साली हाँगकाँगमधील डॉ. डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, गर्भवतीच्या रक्तात गर्भाकडून आलेले डी. एन. ए. चे सूक्ष्म तुकडे तरंगत असतात. त्यावर आधारलेली 'एन. आय. पी. टी.' ही तपासणी २०११ पासून वापरात आली. दहाव्या आठवड्यापासून ती करता येते. डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत ती शंभरातील नव्व्याण्णव गर्भ हेरते आणि खोटा इशारा हजारात सुमारे एकीलाच देते. तिचा खर्च मात्र अद्याप सामान्य कुटुंबास जड जाणारा आहे.

इतकी अचूक असूनही हीदेखील चाळणीच होय. तिची जाळी अधिक बारीक आहे, इतकेच. वरील उदाहरणातील दहा हजार गर्भवतींचाच हिशेब केला, तर या तपासणीत जवळजवळ २० खरे इशारे निघतील आणि सुमारे १० खोटे. म्हणजे तिघींपैकी एकीचा इशारा खोटा ठरेल. तरुण स्त्रियांत मुळातच ही अवस्था विरळ असल्याने त्यांच्या बाबतीत खोट्या इशाऱ्यांचा वाटा याहून मोठा असतो. याचे एक कारण असे की, हे तुकडे प्रत्यक्षात वारेतून आलेले असतात, आणि वारेतील काही पेशींत दोष असूनही गर्भ निर्दोष असू शकतो. कधी कधी रक्तात असे तुकडे पुरेसे नसल्याने निकालच लागत नाही. या तपासणीचा निकाल प्रतिकूल आला तरी गर्भपाताचा निर्णय केवळ तिच्या आधारे घेऊ नये, असे तज्ज्ञ एकमुखाने सांगतात.

निश्चित निदान

निवडण्याचे काम दोन प्रकारे होते. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा अगदी लहानसा अंश घेऊन तपासता येतो. १५ आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भजल तपासता येते. सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भ व सुई दोन्ही पाहत, पोटातून बारीक सुईने १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाणी काढतात. त्यात गर्भाच्या गळून पडलेल्या पेशी असतात. बहुधा भूल द्यावी लागत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येते. यामुळे गर्भपात होण्याचा धोका अनुभवी हातांत दोनशेत एकाहूनही कमी आहे. तो थोडा असला तरी आहे, आणि म्हणूनच ही तपासणी सर्वांची न करता चाळणीतून खाली आलेल्यांचीच करतात. तपासणीनंतर ताप, रक्तस्राव, पाणी जाणे किंवा पोटात कळा अशी लक्षणे दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. आईचा रक्तगट आर. एच. निगेटिव्ह असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. त्यासाठी एक इंजेक्शन द्यावे लागते.

२१, १८ व १३ या गुणसूत्रांपुरता तातडीचा निकाल दोन-तीन दिवसांत मिळतो. पेशी वाढवून सर्व ४६ गुणसूत्रांचे चित्र काढावयाचे तर दोन ते तीन आठवडे लागतात. वारेच्या तपासणीत क्वचित निकाल संदिग्ध येतो. तेव्हा पुढे गर्भजलाची तपासणी करून खात्री करून घ्यावी लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निदान-तपासणी करून घेणे सक्तीचे नाही. 'निकाल काहीही आला तरी आम्हाला हे मूल हवे आहे, त्यासाठी हा धोका नको' असे म्हणण्याचा स्त्रीला अधिकार आहे. तसेच, 'आधी समजले तर प्रसूती मोठ्या रुग्णालयात करता येईल, मनाची तयारी होईल' या हेतूने तपासणी करून घेण्याचाही तिला तितकाच अधिकार आहे.

कायदा काय सांगतो?

'गर्भजल परीक्षा' हे शब्द महाराष्ट्रात बदनाम झालेले आहेत, आणि ते विनाकारण नव्हे. गर्भातील दोष शोधण्यासाठी आलेली ही विद्या सत्तर व ऐंशीच्या दशकांत मुलीचा गर्भ हुडकून तो नष्ट करण्यासाठी वापरली गेली. स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या दुरुपयोगास आळा घालणारा कायदा केला. अशा प्रकारचा तो देशातील पहिलाच कायदा होता. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला व २००३ पासून तो सुधारित स्वरूपात अमलात आहे. यामुळे अनेकांची समजूत अशी झाली आहे की, गर्भजल तपासणीलाच बंदी आहे. ती समजूत चुकीची आहे. गुणसूत्रांतील दोष, आनुवंशिक आजार, रक्ताचे काही विकार व जन्मजात व्यंगे यांच्या शोधासाठी, कायद्यातील अटींचे पालन करून, नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी करता येते. बंदी आहे ती लिंगनिवडीला. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. ते विचारण्याचा मोह नातेवाइकांनीही धरू नये.

निदान-तपासणीपूर्वी तिचे ज्ञात दुष्परिणाम स्त्रीला समजावून सांगणे, तिला समजेल अशा भाषेत तिची लेखी संमती घेणे आणि त्या संमतीपत्राची प्रत तिला देणे कायद्याने बंधनकारक आहे. न समजलेल्या कागदावर अंगठा उठविणे म्हणजे संमती नव्हे.

निदान निश्चित झाल्यावर गर्भ ठेवावयाचा की नाही, याविषयी १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेली दुरुस्ती लक्षात ठेवावी. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान, ठरावीक वर्गांतील स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. गंभीर स्वरूपाच्या गर्भदोषाचा त्यांत समावेश आहे. २४ आठवड्यांनंतर मोठा गर्भदोष असल्यास वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो व मंडळाने तीन दिवसांत मत द्यावयाचे असते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची अथवा सासरच्यांची संमती कायद्याने आवश्यक नाही. त्यांची सक्ती तर मुळीच चालत नाही.

या मुदतींकडे पाहिले म्हणजे वेळेचे महत्त्व कळते. क्वाड्रपल तपासणी १९ व्या आठवड्यात झाली, निकाल २० व्या आठवड्यात आला, गर्भजल २१ व्या आठवड्यात काढले आणि पूर्ण अहवालास तीन आठवडे लागले, तर २४ वा आठवडा उजाडतो. घाईत घेतलेला निर्णय आणि उशिरा सुचलेले शहाणपण ही दोन्ही टाळण्याचा मार्ग एकच : गर्भवतीची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करणे.

निदान झाल्यावर

काही घरांत निदान-तपासणीचा निकालही 'डाऊन सिंड्रोम' असाच येतो. अशा वेळी सल्ला देणाऱ्याने त्या मुलांचे खरे चित्र आईवडिलांसमोर ठेवावयास हवे. या मुलांचा बौद्धिक विकास मंद असतो. परंतु किती मंद, हे गुणसूत्रांच्या चित्रावरून सांगता येत नाही. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो. त्यांपैकी पुष्कळ दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. प्रेमळ संगोपन, लवकर सुरू केलेले उपचार व शिक्षण मिळाल्यास अनेक मुले बोलतात, वाचतात, स्वतःची कामे स्वतः करतात. प्रगत देशांत त्यांचे सरासरी आयुर्मान आज साठीच्या घरात पोहोचले आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम व जन्मजात हृदयदोष यांचा समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे सारे ऐकूनही एखादे जोडपे गर्भ न ठेवण्याचा निर्णय घेईल, दुसरे ठेवण्याचा घेईल. दोघांनाही समाजाने नावे ठेवू नयेत.

ज्या घरात असे एक मूल आहे, तेथे पुढील गर्भारपणापूर्वीच त्या मुलाच्या गुणसूत्रांची तपासणी करून ठेवावी. थोड्या उदाहरणांत जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असते व तो वारसा आईकडून वा वडिलांकडून आलेला असू शकतो. तशा घरांत पुन्हा तेच घडण्याची शक्यता वेगळी असते आणि आईवडिलांचीही तपासणी करावी लागते.

आपण काय करावे?

शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात शक्यता शिकविताना हा '१ : १८०' चा हिशेब फळ्यावर मांडावा. आजचे विद्यार्थी उद्याचे आईबाप आहेत. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत व महिला सभेत लवकर नोंदणीचा आग्रह धरावा आणि दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणीस गर्भवतींना पाठवावे. अधिकाऱ्यांनी जिल्ह्यात निदान-तपासणीची सोय कोठे आहे, आनुवंशिकीचा सल्ला देणारे डॉक्टर कोणत्या रुग्णालयात आहेत, याची यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावण्याची व्यवस्था करावी. आणि सर्वांनीच एक पथ्य पाळावे. एखाद्या घरचा अहवाल आपल्याला दाखविला गेला, तर तो आपल्यापाशीच राहावा. चावडीवर गेलेली बातमी परत घेता येत नाही, आणि तिचे ओझे त्या स्त्रीला जन्मभर वाहावे लागते.

अहवाल घेऊन कोणी आले, तर त्यांना चार प्रश्न विचारावेत. ही चाळणी-तपासणी आहे की निदान-तपासणी? अर्जावरील गर्भाचे वय बरोबर आहे काय? पुढची तपासणी कोठे व कोणत्या आठवड्यात करता येईल? आणि तिची स्वतःची इच्छा काय आहे? यापलीकडचे काम तज्ज्ञांचे.

ते गुरुजी पत्नीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासले गेले. गुणसूत्रे ४६ होती. त्यांच्या घरचे मूल आता अंगणात धावू लागले आहे. निकाल याउलट आला असता, तरीही त्यांनी चाललेली वाट बरोबरच ठरली असती. कारण मग त्यांनी जे काही ठरविले असते, ते दोघांनी मिळून, जाणून आणि खात्री करून ठरविले असते. पहिल्या कागदावरील दोन शब्दांवर मात्र ते ठरले नसते.